माहेरचा समुद्र, सासरची नदी

आपल्या मंडळाची स्मरणिका काढावयाची ठरली, तेव्हा संपादिकाबाई मला म्हणाल्या, "तुमचे माहेर रेवदंड्याचे. तिकडचा इतिहास लिहून द्या." हे ऐकून एक-दोघी हसल्या. कर्जत-खालापूरच्या डोंगराकडच्या बायकांना रेवदंड्याच्या कोळीवाड्याशी काय कर्तव्य, असा त्या हसण्याचा अर्थ मी घेतला. मी काही इतिहाससंशोधक नव्हे. परंतु आपल्या तालुक्यांचे आणि त्या किनाऱ्याचे नाते फार जुने आहे. त्या नात्याच्या बाबतीत माझ्या हातून एक चूकही झाली आहे. ती शेवटी सांगणार आहे.

प्रथम आपल्या नद्यांकडे पाहा. राजमाचीच्या बाजूने उतरणारी उल्हास नदी कर्जतवरून कल्याणकडे जाते आणि वसईच्या खाडीत समुद्राला मिळते. खोपोलीची पाताळगंगा खालापुरातून वाहत धरमतरच्या खाडीत उतरते. जुन्या काळी भरतीच्या पाण्यावर मचवे आपट्यापर्यंत येत आणि तेथून पुढे माल बैलांच्या पाठीवर चढे. म्हणजे ज्या पाण्यात आपण कपडे धुतो, ते पाणी शेवटी कोळ्यांच्याच अंगणात जाते.

माझे माहेर चौल-रेवदंड्याचे. अलिबागच्या दक्षिणेस, कुंडलिकेच्या मुखाशी ही जोडगावे आहेत. नारळी-पोफळीच्या वाड्या, मध्ये पाणंदी आणि खाली बंदराकडे कोळीवाडा. तीनशे साठ देवळे आणि तीनशे साठ तळी असलेले गाव, असे आमची आजी सांगे. आम्ही मुली मोजावयास निघत असू. तेरा-चौदाच्या पुढे गेल्याचे आठवत नाही. तरी गावाचा मोठेपणा खोटा नव्हे. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या ग्रीक प्रवासवर्णनात हे बंदर 'सेमिल्ला' या नावाने येते, कान्हेरीच्या लेण्यांतील दानलेखांत ते 'चेमुल' आहे आणि अरब लोक त्याला 'सैमूर' म्हणत. दहाव्या शतकात अल् मसूदी हा अरब प्रवासी येथे येऊन गेला. डेक्कन कॉलेजच्या विश्वास गोगटे यांनी येथे उत्खनन केले, त्यात सातवाहनकाळच्या वस्तीच्या खुणा मिळाल्या.

आता आपल्या दाराशी या. किनाऱ्यावरचा माल घाटावर जाई तो बोरघाटासारख्या वाटांनी. त्या वाटांच्या कडेलाच लेणी कोरली गेली. कार्ले-भाजे घाटावर, आणि राजमाचीच्या पायथ्याशी आपली कोंडाण्याची लेणी. आपल्यापैकी पुष्कळजणी पावसाळ्यात तेथे सहलीला जातात, धबधबा पाहतात आणि परततात. पुढच्या खेपेस क्षणभर उभे राहून एवढे आठवावे, की समुद्राकाठचे मीठ आणि सुके मासे अशाच वाटांनी वर गेले आणि वरचे धान्य-कापड खाली आले.

इ. स. १४६९ च्या सुमारास अफानासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी एक घोडा बरोबर घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला गेला. येथील माणसे गोऱ्या माणसाचे नवल करीत त्याच्या मागे मागे फिरत, असे त्याने लिहून ठेवले आहे. आज रेवदंड्याला त्याचे स्मारक आहे. त्यानंतर पोर्तुगीज आले. १५०८ साली चौलच्या खाडीत मोठी आरमारी लढाई होऊन पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सू द आल्मेदा मारला गेला. पुढे १५२१ पासून त्यांनी रेवदंड्याचा कोट बांधला. १५७०-७१ साली निजामशहाने त्याला वेढा घातला, पण कोट पडला नाही. १७३९ साली वसई पडली आणि पुढच्या वर्षी, १७४० साली, रेवदंडा मराठ्यांच्या हाती आला. चौलचे रेशीम विणणारे कारागीर त्यापूर्वीच मुंबईस जाऊ लागले होते. मुंबई वाढली तसा येथला व्यापार बसला.

सातवाहन गेले, शिलाहार गेले, निजामशाही गेली, पोर्तुगीज गेले. कोटाच्या तटावर वड-पिंपळ उगवले. कोळीवाडा मात्र जागचा हलला नाही. इतिहासाच्या पुस्तकात लढायांना पाने मिळतात, आणि जाळे विणणाऱ्या हातांना ओळही मिळत नाही, याचे मला वाईट वाटते.

त्या कोळीवाड्याची शिस्त मी लहानपणी पाहिली. समुद्रात खुंट ठोकून त्यांना डोल जाळे बांधावयाचे, भरती-ओहोटीच्या ओढीने मासळी त्यात भरली की पाणी फिरण्याच्या वेळी ते ओढावयाचे. घड्याळ चंद्राचे. उधाण केव्हा आणि भांग केव्हा, हे पोरांनाही पाठ. पुरुष मासळी किनाऱ्याला आणीत; तेथून पुढचा सारा कारभार बाईचा. निवडणे, लिलाव, वाटे लावणे, उधारी लक्षात ठेवणे, पैसा सांभाळणे, सर्व तिच्याकडे. बोंबील सुकविताना दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टाकतात. हजारो जोड्या एका सकाळीत टाकणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ दिला की होड्या पुन्हा पाण्यात. दत्तजयंतीला चौल-भोवाळ्याची पाच दिवसांची जत्रा भरे, तेव्हा वाडीतली आणि कोळीवाड्यातली माणसे एकाच पायऱ्या चढत.

१९७४ साली लग्न होऊन मी खालापूरकडे आले. आपल्या जिल्ह्याचे नाव तेव्हा कुलाबा होते. रायगड हे नाव १९८१ चे. सासरी चहूकडे भातखाचरे. पहिल्या पावसात वलगणीचे मासे खाचरांत चढले की घरोघर आनंद. पण समुद्र नाही म्हणून मी रात्री रडत असे. वैशाखात आगोटीची खरेदी सुरू झाली आणि एके दिवशी दारात सुक्या मासळीची पाटी उतरली. बाईचा आवाज ऐकताच मी ओटीवर धावले. ती रेवदंड्याचीच निघाली! अलिबाग, पेण करीत एस.टी.ने आली होती. सासूबाईंनी पायलीभर तांदूळ मोजून दिले, तिने जवळा, बोंबील आणि मूठभर सोडे दिले. जाताना म्हणाली, "आयेला काय सांगू गं तुज्या?" त्यानंतर दहा-अकरा वर्षे माझ्या आईचा निरोप तिच्याच पाटीतून आला. आई आजारी असल्याचे पहिल्यांदा तिनेच सांगितले, म्हणून मला आईची शेवटची भेट घडली. पुढे तिचे येणे थांबले. मी तिचा ठावठिकाणा कधी विचारला नाही.

आता काळ पालटला. मोठ्या यांत्रिक बोटी आल्या, किनाऱ्याजवळची मासळी कमी झाली, नद्यांना कारखान्यांचे आणि गावांचे सांडपाणी मिळाले. जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद असते. त्या दिवसांत कोळणीचे घर सुक्या मासळीवरच चालते.

आता माझी चूक. काही वर्षांपूर्वी आपल्या सभेच्या जागेसमोर मासळी घेऊन बसणाऱ्या बायकांना उठवावे, वास येतो, असा एक अर्ज तयार झाला. त्यावर माझीही सही होती. अर्ज मंजूर झाला. त्या बायका रस्त्याच्या कडेला, उन्हात गेल्या. एकदा त्यांतील एका तरुण मुलीशी मी दहा रुपयांसाठी घासाघीस करीत होते. ती सहज म्हणाली, "मावशी, पहिली तिथं सावली व्हती, पाणी व्हतं. कुनी अर्ज केला की ओ." मला उत्तर सुचले नाही. मी पैसे दिले आणि मान खाली घालून घरी आले. जिच्या पाटीतून मला आईचा निरोप आला, तिच्याच लेकीबाळींची सावली मी काढून घेतली होती.

म्हणून भगिनींनो, या वर्धापनदिनी माझी एक विनंती आहे. आपण दुसरा अर्ज करावा. बाजारात मासळीवाल्या बायकांना छप्पर, पाण्याचा नळ आणि स्वच्छ ओटा मिळावा, असे त्यात लिहावे. तसे झाले तर वासाची तक्रारही उरणार नाही. त्या अर्जावर पहिली सही माझी असेल. दुसरी कोणाची, हे सभेत ठरवू.