बालकांमधील न्यूमोनियाचे आपत्कालीन निदान व उपचार

बालकांमधील न्यूमोनिया (पर्यायी मराठी नाव : फुफ्फुसदाह) हा फुफ्फुसांतील वायुकोशांना होणारा तीव्र संसर्ग होय. या आजारात वायुकोशांत पू किंवा द्रव साचतो, त्यामुळे श्वास घेणे कष्टाचे होते आणि रक्ताला मिळणाऱ्या प्राणवायूचे प्रमाण घटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१९ या वर्षात पाच वर्षांखालील सुमारे ७ लाख ४० हजार बालके या आजाराने दगावली. त्या वयोगटातील एकूण मृत्यूंपैकी हे प्रमाण १४ टक्के होते. वेळेवर ओळखल्यास बहुसंख्य रुग्ण स्वस्त प्रतिजैविकांनी बरे होतात. मृत्यूची प्रमुख कारणे म्हणजे आजार ओळखण्यास होणारा विलंब, प्राणवायूचा अभाव आणि कुपोषण. म्हणूनच आपत्कालीन विभागात पहिल्या काही मिनिटांत होणारे परीक्षण निर्णायक ठरते.

कारणे

न्यूमोनिया जिवाणू, विषाणू आणि क्वचित कवके यांमुळे होतो. जिवाणूंमध्ये स्ट्रेप्टोकॉकस न्यूमोनिए (न्यूमोकॉकस) व हिमोफिलस इन्फ्लुएन्झी प्रकार 'ब' (हिब) हे प्रमुख आहेत. स्टॅफिलोकॉकस ऑरियस या जिवाणूचा संसर्ग तुलनेने विरळ असला तरी तो झपाट्याने वाढतो व फुफ्फुसाभोवती पू साचवतो. विषाणूंमध्ये रेस्पिरेटरी सिन्सिशियल विषाणू (आरएसव्ही) सर्वाधिक आढळतो. पाच वर्षांवरील मुलांत मायकोप्लाझ्माचे प्रमाण वाढते. एचआयव्हीबाधित तान्ह्या बालकांत न्यूमोसिस्टिस या कवकाचा विचार करावा लागतो.

कुपोषण, जन्मतः कमी वजन, स्तनपानाचा अभाव, गोवर, घरातील चुलीचा व तंबाखूचा धूर आणि दाटीची वस्ती या बाबी धोका वाढवतात.

लक्षणे

खोकला, ताप आणि धाप ही नेहमीची लक्षणे आहेत. ग्रामीण मराठीत या अवस्थेचे वर्णन 'छाती भरली' किंवा 'पोट उडते' असे केले जाते. 'पोट उडणे' हे वर्णन वैद्यकीय दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे. श्वासासाठी जादा स्नायूंचा वापर होत असल्याची ती खूण असते. तान्ह्या बालकात ताप व खोकला नसूही शकतो. दूध न ओढणे, सुस्ती, शरीर थंड पडणे किंवा मधूनमधून श्वास थांबणे एवढीच लक्षणे दिसू शकतात. तीव्र कुपोषित बालकातही ताप व जलद श्वास ही लक्षणे मंद असतात. अशा बालकाचे शांत पडून राहणे हे सुधारणेचे लक्षण समजू नये.

आपत्कालीन विभागातील पहिले परीक्षण

जागतिक आरोग्य संघटनेच्या प्राधान्य-निवड पद्धतीनुसार रुग्णालयात आलेल्या प्रत्येक बालकाकडे रांगेचा विचार न करता आधी पाहिले जाते आणि त्याची गणना तीन गटांपैकी एकात केली जाते : तत्काळ उपचाराची गरज असलेले, प्राधान्याने तपासावयाचे आणि रांगेत थांबू शकणारे. श्वसनमार्ग, श्वसन, रक्ताभिसरण आणि शुद्धी या क्रमाने तपासणी होते. श्वासात अडथळा, निळसरपणा, तीव्र धाप, आघाताची (शॉक) लक्षणे, बेशुद्धी किंवा आकडी यांपैकी काहीही आढळल्यास नोंदणीची औपचारिकता मागे ठेवून उपचार सुरू केले जातात.

धाप लागलेल्या बालकाला बळजबरीने आडवे झोपवू नये. आईच्या मांडीवर, त्याला सोयीच्या स्थितीत ठेवूनच तपासणी करावी. रडण्याने प्राणवायूची गरज वाढते. श्वास आत घेताना घर्घर होत असेल आणि लाळ गळत असेल, तर घसा पाहण्याचा प्रयत्न करू नये. त्यामुळे श्वसनमार्ग पूर्ण बंद होण्याचा धोका असतो.

निदान

श्वासगणना

निदानाचा सर्वांत सोपा व विश्वासार्ह आधार श्वासांची मोजणी हा आहे. बालक शांत असताना, छाती-पोटावरचे कपडे बाजूला सारून, पूर्ण एक मिनिट श्वास मोजतात. पंधरा सेकंद मोजून चारने गुणण्याची पद्धत टाळावी, कारण बालकांचा श्वास अनियमित असतो. रडताना, दूध पिताना किंवा चढत्या तापात केलेली मोजणी फसवी ठरते. जलद श्वासाच्या मर्यादा वयानुसार पुढीलप्रमाणे आहेत :

• २ महिन्यांखालील बालक : मिनिटाला ६० किंवा अधिक श्वास
• २ महिने ते १ वर्षाच्या आतील बालक : ५० किंवा अधिक
• १ ते ५ वर्षांच्या आतील बालक : ४० किंवा अधिक

छातीचा खालचा भाग आत ओढला जाणे

निरोगी बालकाने श्वास आत घेतला की छाती व पोट दोन्ही फुगतात. फुफ्फुस कडक झाले असेल तर श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जातो. हे चिन्ह प्रत्येक श्वासाला आणि स्पष्टपणे दिसले तरच ग्राह्य धरतात. नाक चोंदले असल्यास ते आधी स्वच्छ करून पुन्हा पाहावे.

प्राणवायूचे मापन

बोटाला किंवा तळपायाला लावलेल्या पल्स ऑक्सिमीटरने रक्तातील प्राणवायूचे संपृक्तन मोजले जाते. ९० टक्क्यांहून कमी आकडा हा गंभीर आजाराचा निदर्शक आहे. डोळ्यांना निळसरपणा दिसेपर्यंत प्राणवायू बराच घटलेला असतो आणि सावळ्या त्वचेत तर तो लवकर दिसतही नाही. त्यामुळे हे मापन आवश्यक मानले जाते. हातपाय थंड असणे, बालकाची हालचाल किंवा प्रौढांसाठीचा चिमटा वापरणे यांमुळे आकडा चुकू शकतो.

क्ष-किरण व रक्ततपासणी

साध्या न्यूमोनियात छातीच्या क्ष-किरण चित्राची गरज नसते. आजार गंभीर असल्यास, उपचारांना प्रतिसाद नसल्यास किंवा फुफ्फुसाभोवती पू अथवा हवा साचल्याची शंका असल्यास ते काढतात. क्ष-किरण चित्र किंवा रक्तातील पांढऱ्या पेशींची संख्या यांवरून जिवाणूजन्य व विषाणूजन्य आजार खात्रीने वेगळे करता येत नाहीत. तपासण्यांच्या प्रतीक्षेत गंभीर बालकाचा प्राणवायू व प्रतिजैविक थांबवू नये.

आजाराची तीव्रता

जागतिक आरोग्य संघटनेने २०१४मध्ये वर्गीकरण सोपे करून दोन गट केले.

• न्यूमोनिया : जलद श्वास किंवा छाती आत ओढली जाणे, मात्र धोक्याचे कोणतेही चिन्ह नाही. उपचार घरी, तोंडावाटे.
• गंभीर न्यूमोनिया : खोकला किंवा धाप यांसोबत पिता न येणे, प्रत्येक वेळी उलटी होणे, आकडी, अतिसुस्ती किंवा बेशुद्धी, शांत असतानाही श्वासात घर्घर, तीव्र कुपोषण, कण्हणे, निळसरपणा किंवा ९० टक्क्यांहून कमी प्राणवायू यांपैकी काहीही. रुग्णालयात दाखल करणे आवश्यक.

दोन महिन्यांखालील बालक यास अपवाद आहे. त्याचा जलद श्वास किंवा छाती ओढली जाणे हा गंभीर जिवाणूसंसर्ग असू शकतो, हे गृहीत धरून त्याला रुग्णालयात पाठवले जाते.

न्यूमोनियासारखे दिसणारे अन्य आजार

धाप लागलेल्या प्रत्येक बालकाला न्यूमोनियाच असतो असे नाही. चुकीच्या निदानाने योग्य उपचार लांबतात.

• दमा व श्वासनलिकादाह : श्वास सोडताना शिट्टीसारखा आवाज येतो. अशा वेळी सालब्युटामॉलची वाफ किंवा फवारा १५ ते २० मिनिटांच्या अंतराने देऊन श्वास पुन्हा मोजतात. मोजणी पूर्ववत झाल्यास प्रतिजैविकाची गरज बहुधा नसते. वर्षाखालील बालकांतील विषाणूजन्य श्वासनलिकादाहात मात्र या औषधाचा विशेष उपयोग होत नाही.
• श्वासनलिकेत अडकलेली वस्तू : शेंगदाणा, हरभरा, मणी यांसारखी वस्तू खेळता-खाताना अडकते. अचानक ठसका लागल्याचा पूर्वेतिहास आणि छातीच्या एकाच बाजूला क्षीण श्वासध्वनी ही महत्त्वाची सूचने होत.
• हृदयविकार व तीव्र रक्तक्षय : यकृत वाढणे, हृदयाचा अस्वाभाविक ध्वनी, तळवे अत्यंत फिके असणे.
• रक्तातील आम्लता : मधुमेह, अतिसार किंवा विषबाधेत श्वास खोल व जलद असतो, पण फुफ्फुसे स्वच्छ असतात.
• विंचूदंश : विंचवाच्या विषाने हृदयावर परिणाम होऊन फुफ्फुसात पाणी साचू शकते. कोकणातील महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी या आजाराचा व त्यावरील प्राझोसिन औषधाचा अभ्यास केला आहे.
• क्षयरोग : दोन आठवड्यांहून अधिक खोकला, वजन घटणे किंवा घरात क्षयरुग्ण असणे.

उपचार

प्राणवायू

प्राणवायू हे या आजारातील जीवरक्षक औषध होय. तो नाकपुड्यांत बसवलेल्या नळीतून देतात. आरंभी तान्ह्या बालकाला मिनिटाला अर्धा ते १ लिटर व मोठ्या बालकाला १ ते २ लिटर असा प्रवाह ठेवतात. संपृक्तन ९० टक्क्यांच्या वर टिकवणे हे उद्दिष्ट असते. आघात, बेशुद्धी यांसारखी आपत्कालीन लक्षणे असल्यास ९४ टक्के अपेक्षित धरतात. नळी कफाने बंद तर नाही ना, हे वारंवार पाहावे लागते.

साध्या प्राणवायूने न भागल्यास बुडबुड्यांद्वारे श्वसनमार्गात सतत दाब राखणारी 'बबल सीपॅप' ही पद्धत वापरली जाते. ढाका येथील रुग्णालयातील चाचणीचे निष्कर्ष २०१५मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीत पाण्याने भरलेल्या बाटलीचा उपयोग करून हे साधन अल्पखर्चात तयार केले होते. या पद्धतीला प्रशिक्षित परिचारिका व डॉक्टरांची सतत देखरेख अत्यावश्यक आहे.

प्रतिजैविके

मात्रा नेहमी बालकाच्या प्रत्यक्ष वजनावरून ठरवतात; अंदाजे वजन व दशांश चिन्हाची चूक ही बालरोग उपचारांतील धोक्याची ठिकाणे आहेत. त्यामुळे इंजेक्शनची मात्रा दोघांनी स्वतंत्रपणे पडताळण्याची पद्धत अनेक रुग्णालयांत आहे. औषधाची पूर्वीची ॲलर्जीही विचारून घेतात.

साध्या न्यूमोनियात ॲमॉक्सिसिलिन तोंडावाटे, दर किलो वजनास किमान ४० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा देतात. छाती आत ओढली जात असल्यास ते ५ दिवस, तर केवळ जलद श्वास असल्यास आणि एचआयव्हीचे प्रमाण कमी असलेल्या प्रदेशात ३ दिवस पुरेसे मानले जाते.

गंभीर न्यूमोनियात ॲम्पिसिलिन (दर किलोस ५० मिलिग्रॅम, दर ६ तासांनी) किंवा बेंझिल पेनिसिलिन, त्यासोबत जेंटामायसिन (दर किलोस ७.५ मिलिग्रॅम, दिवसातून एकदा) ही इंजेक्शने किमान ५ दिवस देतात. जेंटामायसिनचा मूत्रपिंडांवर व श्रवणशक्तीवर दुष्परिणाम होऊ शकतो, म्हणून मात्रा काटेकोर असावी लागते. प्रतिसाद नसल्यास सेफ्ट्रिॲक्सोन, तर स्टॅफिलोकॉकसची शंका असल्यास क्लोक्सासिलिन व जेंटामायसिन वापरतात. साध्या सर्दी-खोकल्याला प्रतिजैविक देऊ नये. त्याने लाभ होत नाही आणि जिवाणूंची औषधरोधकता वाढते.

पूरक उपचार

तापामुळे बालक बेचैन असल्यास पॅरासिटामॉल देतात. रक्तशर्करा तपासून ती कमी असल्यास ग्लुकोज देतात. शिरेवाटे द्रव जपून द्यावा लागतो. अतिरिक्त द्रवाने फुफ्फुसात पाणी वाढते. तीव्र धाप असताना तोंडावाटे अन्न दिल्यास ते श्वासनलिकेत जाऊ शकते. धाप ओसरल्यावर थोडे थोडे स्तनपान किंवा नळीवाटे आहार सुरू करतात. खोकला दाबणारी औषधे व गुंगीची औषधे टाळली जातात.

फेरतपासणी व रुग्णालयातून सुट्टी

घरी उपचार घेणाऱ्या बालकाची २ ते ३ दिवसांत फेरतपासणी होते. पिणे थांबणे, धाप वाढणे किंवा सुस्ती आल्यास त्याआधीच परत येण्याची सूचना पालकांना दिली जाते आणि ती त्यांच्याच शब्दांत वदवून घेणे हितावह असते. दाखल बालकात ४८ ते ७२ तासांत सुधारणा नसल्यास फुफ्फुसाभोवतीचा पू, क्षयरोग, एचआयव्ही किंवा चुकीचे निदान यांचा पुनर्विचार करतात. बाहेरून प्राणवायू न देता संपृक्तन ९० टक्क्यांवर टिकणे, धाप ओसरणे, नीट खाणे-पिणे व तोंडावाटे औषध घेता येणे या अटी पूर्ण झाल्यावरच सुट्टी देतात.

इतिहास

न्यूमोनिया ओळखण्यासाठी डॉक्टर, स्टेथोस्कोप व क्ष-किरण यंत्र हवेच, अशी समजूत दीर्घकाळ होती. पापुआ न्यू गिनीतील गोरोका येथे डॉ. फ्रँक शॅन व सहकाऱ्यांनी श्वासगणना व छाती आत ओढली जाणे यांवरून निदान शक्य असल्याचे दाखवले आणि पुढे जागतिक आरोग्य संघटनेने ही पद्धत स्वीकारली.

महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने आरोग्यदूत व सुईणी यांना हे निदान शिकवून गावातच उपचार दिले. १९९०मध्ये 'द लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या या चाचणीत उपचार मिळालेल्या बालरुग्णांतील मृत्युप्रमाण ०.८ टक्के, तर तुलनेच्या गावांत ते १३.५ टक्के आढळले. आकडे मोजता न येणाऱ्या सुईणींसाठी तेथे 'श्वासमापक' तयार करण्यात आला. त्यात एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ व मण्यांच्या ओळी असतात. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी शेवटचा लाल मणी सरकला, तर तो न्यूमोनिया समजायचा.

प्रतिबंध

सहा महिने निव्वळ स्तनपान, पोषण, धूरमुक्त स्वयंपाकघर, हात धुणे आणि लसीकरण हे प्रतिबंधाचे प्रमुख उपाय आहेत. भारताच्या सार्वत्रिक लसीकरण कार्यक्रमात २०११पासून हिब लसीचा समावेश असलेली पंचगुणी लस आणि २०१७पासून न्यूमोकॉकल लस टप्प्याटप्प्याने आली. २०२१मध्ये न्यूमोकॉकल लस देशभर लागू झाली. ती ६ आठवडे, १४ आठवडे व ९ महिने या वयांत दिली जाते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने 'न्यूमोसिल' ही स्वदेशी लस डिसेंबर २०२०मध्ये सादर केली. केंद्र शासनाने २०१९मध्ये 'सांस' ही मोहीम सुरू केली. १२ नोव्हेंबर हा जागतिक न्यूमोनिया दिन म्हणून पाळला जातो.

गैरसमज व अपप्रथा

उकळत्या पाण्याची वाफ देताना बालके भाजल्याच्या घटना घडतात आणि न्यूमोनियात वाफेचा उपचार म्हणून उपयोग नाही. नाकात तेल घालण्याने तेल फुफ्फुसात उतरून वेगळाच दाह होतो. मेळघाटासह काही भागांत आजारी तान्ह्या बालकाच्या पोटावर तापलेल्या सळईने चटके देण्याची प्रथा आढळली आहे. तिने आजार बरा होत नाही, उलट जखम व जंतुसंसर्ग यांची भर पडते आणि रुग्णालयात पोहोचण्याचा मोलाचा वेळ वाया जातो.