गोठलेली भाजी आणि तापलेला तवा

पिशवी फोडली, गोठलेला फ्लॉवर कढईत ओतला, वर झाकण ठेवले. आणि पाहतो तो काय, भाजीचा नुसता लगदा! मग गृहिणी म्हणते, “मेली ही भाजीच वाईट.” श्रोतेहो, दोष भाजीचा नाही. तिचा इतिहास ठाऊक असला, तर तिला भाजावे कसे हेही आपोआप कळते.

१९१२ साली क्लॅरेन्स बर्डसाय नावाचा एक अमेरिकन तरुण कोल्ह्यांच्या कातड्यांच्या व्यापारासाठी लॅब्रॅडॉरला गेला. हा बर्फाळ मुलूख आज कॅनडात मोडतो. तेथील इन्यूइट लोक ऐन हिवाळ्यात मासे धरीत. पाण्याबाहेर येताच मासा गोठून दगडासारखा होई. पण महिन्यांनी शिजवला तरी चवीला ताजा! कमी थंडीत सावकाश गोठलेला मासा मात्र बेचव लागे. पुढे पत्नी आणि तान्हे मूलही तेथे आले. त्यांना हिवाळ्यात पालेभाजी कोठून मिळणार? तेव्हा बर्डसायने कोबी पिंपात घालून गोठवून पाहिला.

यातले मर्म असे. भाजीच्या पेशींत पाणी असते. ते सावकाश गोठले तर बर्फाचे मोठे स्फटिक होतात आणि पेशी फाडतात. झटपट गोठले तर स्फटिक बारीक राहतात, इजा कमी होते. मायदेशी परतल्यावर मॅसॅच्युसेट्समधील ग्लॉस्टर बंदरात त्याने अतिथंड धातूच्या पत्र्यांमध्ये अन्नाची पुडकी दाबून गोठवण्याचे यंत्र उभे केले. ६ मार्च १९३० रोजी त्याच राज्यातील स्प्रिंगफील्ड शहरात गोठलेले मटार आणि पालक दुकानांत विक्रीला आले.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कच्चीच गोठवलेली भाजी काही दिवसांनी रंग आणि स्वाद गमावते. म्हणून बहुतेक भाज्या आधी उकळत्या पाण्यातून किंवा वाफेतून काढतात. म्हणजे पिशवीतली भाजी अर्धी शिजलेलीच असते, बरे का! शिवाय स्फटिक कितीही बारीक असले तरी थोड्या पेशी फुटतातच; आच लागली की त्यांचे पाणी सुटते.

तेव्हा भाजताना आपले काम शिजवण्याचे कमी आणि पाणी उडवण्याचे जास्त. भाजी आधी वितळू देऊ नये. ओव्हन २२० अंश सेल्सियसपर्यंत तापवावा, ताटही आतच तापू द्यावे. भाजीला तेल चोळून ती एकेरी, सुटी पसरावी; गर्दी झाली की ती स्वतःच्याच वाफेत उकडते. ओव्हन नसेल तर जाड लोखंडी तवा चालेल, पण झाकण नको! कडा तांबूस झाल्या की मीठ घालावे. आधी घातले तर पाणी आणखी सुटते.

लॅब्रॅडॉरच्या थंडीने एक शिकवले: गोठवायचे तर झटपट. आपल्या चुलीचा धडाही तोच: भाजायचे तर आच मोठी हवी.