अपघातग्रस्त मोटार : दुरुस्ती की नवी गाडी?

सिल्वासा : डोकमर्डी, आमली आणि नरोलीच्या रस्त्यांवर कारखान्यांची अवजड वाहने व खासगी मोटारी एकाच गर्दीत चालतात. धडक झाली, जीव वाचला, की मालकापुढे दुसरा प्रश्न उभा राहतो : गाडी दुरुस्त करावी की तिचा मोह सोडावा? निर्णय भावनेने नव्हे, हिशेबाने घ्यावा.

७५ टक्क्यांची रेषा

सर्वसमावेशक विमा असल्यास पॉलिसीवरील ‘आयडीव्ही’ म्हणजे विमाघोषित मूल्य प्रथम पाहावे. पॉलिसीच्या अटींनुसार दुरुस्तीचा खर्च या मूल्याच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी ‘टोटल लॉस’ ठरते. ३ लाख रुपये आयडीव्ही असलेल्या मोटारीसाठी ही रेषा २ लाख २५ हजारांवर येते. मोटार कर्जावर असल्यास भरपाईवर पहिला हक्क बँकेचा असतो.

दुरुस्तीत खिशातून काय जाते?

रेषेच्या आत असलेला खर्चही विमा कंपनी पूर्ण देत नाही. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी व एअरबॅग यांवर ५० टक्के घसारा कापला जातो. काचेवर घसारा नसतो. धातूच्या भागांवरील घसारा वयानुसार वाढतो : पाच ते दहा वर्षांच्या गाडीला ४० टक्के. मजुरीवर घसारा नाही.

सात वर्षांच्या गाडीचे उदाहरण घेऊ. धातूचे भाग ८० हजार, प्लॅस्टिकचे ४० हजार आणि मजुरी ६० हजार, असे १ लाख ८० हजारांचे बिल झाले. घसारा ५२ हजार आणि १५०० सीसीपर्यंतच्या गाडीसाठीची सक्तीची कपात १ हजार, म्हणजे ५३ हजार रुपये मालकाने भरायचे. ‘झिरो डेप’ संरक्षण घेतले असल्यास हा भार बराच हलका होतो. मात्र दावा केल्यावर ‘नो क्लेम बोनस’ जातो. पाच दावामुक्त वर्षांनंतर तो ५० टक्के असतो. म्हणून किरकोळ डेंटिंग-पेंटिंगसाठी दावा करण्याआधी दोन्ही रकमा ताडून पाहाव्यात.

केवळ त्रयस्थ विमा असेल तर

अशा विम्यात स्वतःच्या गाडीचे नुकसान भरून मिळत नाही. तेव्हा सोपी कसोटी लावावी. सुस्थितीत गाडीला २ लाख ५० हजार मिळाले असते आणि आहे त्या स्थितीत १ लाख मिळतात, तर दीड लाखाहून अधिक दुरुस्ती तोट्याची. चासी किंवा दारांचे खांब वाकले असतील, तर खर्च कमी दिसला तरी सुरक्षितता आधी तपासून घ्यावी.

भंगारात देताना सावधान

मोटार कायमची निकामी झाल्यास मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५५ नुसार मालकाने १४ दिवसांत नोंदणी प्राधिकरणाला कळवायचे असते. नोंदणी रद्द न करता सांगाडा विकल्यास तीच कागदपत्रे आणि चासी क्रमांक चोरीच्या गाडीला लावले जाण्याचा धोका असतो.

दाव्यावर वाद झाल्यास

कंपनीला आधी त्वरित कळवावे, छायाचित्रे घ्यावीत आणि सर्वेक्षकाच्या पाहणीपूर्वी गाडी उघडू देऊ नये. लेखी तक्रारीला महिनाभरात उत्तर न आल्यास किंवा ते असमाधानकारक वाटल्यास विमा लोकपालाकडे निःशुल्क दाद मागता येते. दादरा व नगर हवेलीसाठी हे कार्यालय अहमदाबादला आहे.