सराफ्याचा ओटा आणि युरोपचे आकाश

इंदूरच्या सराफ्यात रात्री गेलात तर एक प्रश्न पडतोच. ही जागा नेमकी कोणाची? दिवसा इथे सोन्याचांदीचा व्यवहार. दुकाने बंद झाली की त्यांच्याच दारात भुट्ट्याचा कीस, मालपुवा आणि थंडीत गराडू. ओटा एक, धनी दोन. सकाळी तो स्वच्छ मिळाला नाही तर जाब कोणाला विचारायचा, हे ठरलेले असेल तरच असली वाटणी टिकते.

कीसाचा द्रोण हातात घेऊन उभा असताना मला आठवला तो युरोप. कारण हाच प्रश्न तिथल्या देशांना अंतराळाच्या बाबतीत पडला होता.

अमेरिका आणि रशिया पुढे निघून गेले होते. एकेकट्या देशाला ते परवडणारे नव्हते. म्हणून १९६२ साली सहा युरोपीय देशांनी ऑस्ट्रेलियाला सोबत घेऊन 'एल्डो' ही संस्था स्थापण्याचा करार केला. 'युरोपा' नावाचे रॉकेट बनवायचे ठरले. त्याचा पहिला टप्पा ब्रिटनचा, दुसरा फ्रान्सचा, तिसरा पश्चिम जर्मनीचा आणि टोकावरचा उपग्रह इटलीचा. वाटणी अगदी ठरलेली!

मी पडलो सरकारी कारकून. तीन टेबलांवरून फिरणारी फाईल कुठे अडते ते मला सांगावे लागत नाही. प्रत्येक टेबल म्हणते, आमचे काम चोख आहे. दोन टेबलांच्या मधल्या जागेला मात्र कोणीच वाली नसतो. 'युरोपा'चे तेच झाले. नोव्हेंबर १९७१ मध्ये फ्रेंच गयानातल्या कुरूहून झालेले शेवटचे उड्डाणही फसले. या रॉकेटने एकही उपग्रह कक्षेत नेला नाही.

त्यातून धडा घेऊन ३० मे १९७५ रोजी पॅरिसमध्ये दहा देशांनी युरोपीय अंतराळ संस्थेच्या, म्हणजे 'ईसा'च्या करारावर सह्या केल्या. विज्ञानाच्या कार्यक्रमासाठी राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात वर्गणी सक्तीची, इतर बरेच कार्यक्रम ऐच्छिक. ज्या देशाची वर्गणी जेवढी, त्या प्रमाणात तिथल्या उद्योगांना कामे. नव्या 'एरियान' रॉकेटची धुरा मात्र एकट्या फ्रान्सने उचलली आणि खर्चाचा मोठा वाटाही. २४ डिसेंबर १९७९ रोजी ते पहिल्याच उड्डाणात यशस्वी झाले. आपला 'ॲपल' उपग्रह १९ जून १९८१ रोजी याच एरियानवरून गेला.

तरीही घोळ संपला नाही. 'ईसा' म्हणजे युरोपीय संघ नव्हे. स्वित्झर्लंड आणि नॉर्वे संघात नाहीत, पण संस्थेत आहेत. २२ मे २००७ रोजी २९ देशांनी सामाईक अंतराळ धोरण मान्य केले. त्याच वर्षी 'गॅलिलिओ' या दिशादर्शक उपग्रहांसाठी खाजगी कंपन्यांशी चाललेली बोलणी फिसकटली आणि खर्च संघाला आपल्या तिजोरीतून उचलावा लागला. २००९ साली अमलात आलेल्या लिस्बन तहाने संघाला अंतराळाबाबत अधिकार दिले, पण देशोदेशींचे कायदे एकसारखे करण्याची मुभा दिली नाही. आज गॅलिलिओची मालकी संघाची, उभारणीचे तांत्रिक काम 'ईसा'चे आणि सेवा चालवण्याचे काम प्रागमधल्या संघाच्या संस्थेकडे. टेबले पुन्हा तीनच, पण कोणत्या टेबलाचे काय ते आता कागदावर आहे.

आपल्याला हे नवे नाही. आपल्या गावकरीत, पोर्तुगीजांच्या कोमुनिदादीत, जमीन साऱ्या गावाची असे आणि उत्पन्नातून गावकारांना वाटा मिळे. पण खाजनाचा बांध सांभाळायची जबाबदारीही त्याच गावाची होती. आज कित्येक खाजनांचे बांध फुटलेले दिसतात, शेतांत खारे पाणी शिरते. वाटा मागणारे आपण सगळेच आहोत. बांध कोणी घालायचा, एवढेच ठरायचे राहिले आहे.