लहान भूखंड, नेमके घर

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्यातील अनुसूचित क्षेत्रातील तालुका. येथे भूखंड घेण्यापूर्वी सातबारा तपासणे आवश्यक ठरते. आदिवासी खातेदाराची जमीन सक्षम परवानगीशिवाय बिगर-आदिवासीस हस्तांतरित होत नाही.

मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. नगरपंचायत हद्दीत, दाट वस्तीबाहेर, निवासी बांधकामासाठी मूळ चटई क्षेत्र निर्देशांक १.१० आहे. म्हणजे १०० चौरस मीटर भूखंडावर ११० चौरस मीटर बांधकाम. जिना व बाल्कनीही त्यातच मोजल्या जातात. अधिमूल्य भरल्यास ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्र मिळते.

आराखडा करताना प्रथम सामासिक अंतरे वजा करावीत. उरलेल्या जागेत तळमजला व पहिला मजला प्रत्येकी ५५ चौरस मीटरचा बसतो का, हे पाहावे. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या खोलीचे किमान क्षेत्र ९.५ चौरस मीटर व रुंदी २.४ मीटर असते. स्वयंपाकघर व न्हाणीघर एकावर एक घेतल्यास नळजोडणी सोपी होते आणि जागा वाचते. पाऊस मोठा असल्याने उतरते छप्पर सोयीचे; मात्र त्याचे पाणी शेजाऱ्याच्या जागेत पडू नये.

१५० चौरस मीटरपर्यंतच्या भूखंडावर विहित कागदपत्रे व शुल्क भरून, ठराविक मजल्यांचे घर तुलनेने सुलभ प्रक्रियेने बांधता येते. तरीही पोच जपून ठेवावी. पुढे गृहकर्ज वा विक्रीच्या वेळी तीच कामी येते.