‘डॉक्टर हू’: एक नायक, अनेक नट

बीबीसीची ‘डॉक्टर हू’ ही विज्ञानकथा-मालिका २३ नोव्हेंबर १९६३ रोजी सुरू झाली. तिचा नायक डॉक्टर हा परग्रहवासी प्रवासी आहे. बाहेरून निळ्या पोलीस-पेटीसारखे दिसणारे आणि आतून कितीतरी प्रशस्त असलेले ‘टार्डिस’ हे यान घेऊन तो कोणत्याही काळात आणि कोणत्याही ग्रहावर जातो. सहा दशकांत ही भूमिका डझनाहून अधिक नटांनी केली. त्यांतला कोणता डॉक्टर श्रेष्ठ, हा वाद मालिकेच्या चाहत्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. या वादालाही स्वतःचा इतिहास आहे. जुने भाग पुन्हा पाहण्याची सोय जसजशी बदलली, तसतसे नटांविषयीचे निवाडेही बदलत गेले.

मालिकेची कल्पना बीबीसीच्या नाट्यविभागाचे प्रमुख सिडनी न्यूमन यांच्या पुढाकाराने आकाराला आली. व्हेरिटी लॅम्बर्ट या तरुण निर्मातीने ती उभी केली आणि लखनौत जन्मलेल्या वारिस हुसेन यांनी पहिल्या कथेचे दिग्दर्शन केले. पहिला डॉक्टर होता विल्यम हार्टनेल. त्याचा डॉक्टर तिरसट, हेकट आणि गूढ आजोबा होता. तीन वर्षांत हार्टनेलची प्रकृती ढासळली आणि काम रेटणे त्याला अवघड झाले. मालिका लोकप्रिय असल्याने ती बंद करण्याची निर्मात्यांची तयारी नव्हती. त्यांनी हार्टनेलसारखा दिसणारा दुसरा नट शोधला नाही. डॉक्टर परग्रहवासी असल्याने जुने शरीर थकल्यावर तो नवे धारण करतो, अशी तोड त्यांनी काढली. २९ ऑक्टोबर १९६६ च्या भागाच्या शेवटी हार्टनेलचा चेहरा पॅट्रिक ट्रॉटनच्या चेहऱ्यात बदलला. या कायापालटाला ‘रिजनरेशन’ हे नाव मात्र १९७४ मध्ये मिळाले.

ट्रॉटनने आधीच्या नटाची नक्कल केली नाही. त्याचा डॉक्टर मिस्कील, गबाळा आणि वरकरणी गोंधळलेला होता. खिशातून रेकॉर्डर काढून तो वाजवीत बसे. हा माणूस खरोखर डॉक्टरच आहे का, अशी शंका त्याच्या पहिल्या कथेत सोबत्यालाच येते. प्रेक्षकांच्या मनातला प्रश्न असा पात्राच्या तोंडी आला आणि नव्या डॉक्टरची जुन्याशी तुलना कथानकाचाच भाग झाली. पुढच्या निर्मात्यांनीही हीच रीत सांभाळली. विनोदी नट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या जॉन पर्टवीने १९७० पासून मखमली कोटातला, हाणामारीत आणि मोटारी पळवण्यात तरबेज असा डॉक्टर रंगवला. १९७४ मध्ये त्याच्या जागी टॉम बेकर आला. लांबलचक गळपट्टा, मोठे डोळे आणि लहरी हास्य यांमुळे तो सर्वांत ओळखीचा डॉक्टर ठरला. सलग सात वर्षे ही भूमिका करण्याचा त्याचा विक्रम आजही कायम आहे.

त्या काळात तुलनेचा आधार मुख्यतः आठवण हाच होता. भाग एकदा दाखवला की तो पुन्हा पाहायला मिळण्याची शाश्वती नसे. त्यातच बीबीसीने १९७८ पर्यंत अनेक जुन्या फिती पुसून टाकल्या. त्यात सर्वाधिक नुकसान हार्टनेल आणि ट्रॉटन यांच्या भागांचे झाले. काही चाहत्यांनी घरच्या टेपरेकॉर्डरवर उतरवून ठेवल्यामुळे हरवलेल्या भागांचा निदान आवाज वाचला. बाकीच्यांना टार्गेट प्रकाशनाच्या कादंबऱ्यांवर भागवावे लागे. कथा त्यांतून कळे, पण अभिनय कळत नसे. मात्र मालिकेच्या दहाव्या वर्धापनाच्या ‘द थ्री डॉक्टर्स’ या कथेत पहिले तिघे एकत्र आले आणि त्यांची थेट तुलना शक्य झाली. ट्रॉटन आणि पर्टवी यांची त्यातली नोकझोक चाहत्यांना फार आवडली. आजारी हार्टनेल केवळ कथेतल्या एका पडद्यावर दिसला.

टॉम बेकर १९८१ मध्ये बाहेर पडला. त्याच्या जागी पीटर डेव्हिसन येण्याआधी बीबीसी टूने जुन्या डॉक्टरांच्या निवडक कथा ओळीने पुन्हा दाखवल्या. अनेक तरुण प्रेक्षकांना हार्टनेल आणि ट्रॉटन यांचे काम प्रथमच पाहता आले. १९८३ पासून व्हिडिओ कॅसेटी निघू लागल्या. ट्रॉटनची हरवलेली ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ ही कथा हाँगकाँगमध्ये सापडून १९९२ मध्ये कॅसेटवर आली, तेव्हा त्याच्या अभिनयातले बारकावे नव्या पिढीला प्रत्यक्ष दिसले.

मतांची नोंद ठेवण्याचे काम १९७९ मध्ये सुरू झालेल्या नियतकालिकाने केले. आज ते ‘डॉक्टर हू मॅगझिन’ म्हणून ओळखले जाते. त्याच्या २००९ च्या मतदानात २०० कथांपैकी ‘द केव्ह्ज ऑफ अँड्रोझानी’ पहिली आली आणि ‘द ट्विन डायलेमा’ शेवटची. पहिली डेव्हिसनची अखेरची कथा, तर दुसरी त्याच्यानंतरचा डॉक्टर कॉलिन बेकर याची पदार्पणाची. १९८४ मध्ये त्या लागोपाठ प्रक्षेपित झाल्या होत्या.

कॉलिन बेकरचे उदाहरण या वादाच्या अभ्यासात महत्त्वाचे आहे. भडक रंगांचा कोट, उद्धट स्वभाव आणि दुबळ्या संहिता हे सगळे त्याच्या वाट्याला आले. १९८५ मध्ये मालिकेला दीर्घ खंड पडला आणि पुढच्या वर्षी त्याला काढून टाकण्यात आले. सिल्व्हेस्टर मॅकॉयच्या कारकिर्दीत, १९८९ मध्ये, मालिकाच थांबली. १९९६ मध्ये पॉल मॅकगॅनला एकच दूरचित्रपट मिळाला. मात्र १९९९ पासून बिग फिनिश या संस्थेने जुन्या डॉक्टरांना घेऊन श्राव्य नाटके काढली. चांगली संहिता मिळताच कॉलिन बेकरचा आवाज आणि भूमिकेची समज खुलून आली, आणि त्याच्याविषयीचे मत बऱ्याच चाहत्यांनी बदलले. नटाचा दोष कोणता आणि लेखनाचा कोणता, हे वेगळे करून पाहण्याची सवय यातून रुजली.

२००५ मध्ये रसेल टी. डेव्हिस यांनी मालिका पुन्हा सुरू केली. क्रिस्टोफर एकल्स्टन एकच हंगाम राहिला, पण नव्या प्रेक्षकांचा तो पहिला डॉक्टर ठरला. त्याच्यानंतरच्या डेव्हिड टेनंटने मतदानांत टॉम बेकरची मक्तेदारी मोडली. पुढे मॅट स्मिथ हा सर्वांत तरुण डॉक्टर आला, आणि त्याच्या पाठोपाठ लहानपणापासून मालिकेचा चाहता असलेला पीटर कपाल्डी. २०१७ मध्ये जोडी व्हिटेकरची निवड झाली, तेव्हा ही भूमिका स्त्रीने करावी का, यावर कडाक्याचा वाद झाला. तिच्या कारकिर्दीच्या मूल्यमापनात मात्र कॉलिन बेकरच्या वेळचाच मुद्दा पुढे आला: संहिता कमकुवत असेल तर त्याचा बोल नटाला का? २०२३ मध्ये शूटी गटवाने डॉक्टर म्हणून सूत्रे हाती घेतली.

‘माझा डॉक्टर’ हा शब्दप्रयोग चाहत्यांमध्ये रूढ आहे. लहानपणी जो प्रथम पाहिला, तो बहुधा शेवटपर्यंत जवळचा राहतो. म्हणून जाणते चाहते आवड आणि गुणवत्ता यांत फरक करतात. विनोद आणि भय यांचा मेळ, परकेपणाची जाणीव, सोबत्यांशी असलेले नाते आणि कच्च्या संहितेतही भूमिका तोलून धरण्याची ताकद, हे त्यांचे नेहमीचे निकष आहेत. २०२३ मध्ये बीबीसीने ८०० हून अधिक भाग एकत्र उपलब्ध करून दिल्यामुळे ब्रिटनमधल्या प्रेक्षकाला बहुतेक सर्व डॉक्टर शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात. मात्र शंभरच्या आसपास भाग अजून सापडलेले नाहीत. त्यामुळे हार्टनेल आणि ट्रॉटन यांच्याविषयीचा कोणताही निवाडा त्यांच्या शिल्लक कामापुरताच खरा मानावा लागतो.