सत्तेच्या आतल्या खोलीतला माणूस : रामेश्वरनाथ काव

राज्यकर्त्यांचा इतिहास लिहिणे सोपे असते. त्यांची भाषणे छापलेली असतात, पुतळे उभे असतात, जयंत्या साजऱ्या होतात. ज्यांच्यावर राज्य केले गेले त्यांचा इतिहास लिहिणे अवघड, कारण त्यांचे काही लिहून उरू दिलेले नसते. पण या दोहोंच्या मध्ये एक तिसरा वर्ग आहे. तो राज्यकर्त्याच्या कानाशी बसतो. त्याला लिहिता येते, पण तो लिहीत नाही. तळातल्या माणसाचा मुकेपणा लादलेला असतो, याचा मुकेपणा स्वतः निवडलेला असतो. दप्तरात मात्र दोघांच्याही नावापुढे कोरा कागदच मिळतो. हा दुसरा कोरा कागद मला फार दिवस खुणावत होता. म्हणून मी रामेश्वरनाथ काव या माणसाच्या मागे लागलो.

१० मे १९१८ रोजी वाराणसीत जन्म. घराणे काश्मिरी पंडितांचे. अलाहाबाद विद्यापीठातून इंग्रजी वाङ्मयात एम. ए. १९४० मध्ये इंग्रजांच्या पोलीस सेवेत दाखल, आणि १९४७ मध्ये इंटेलिजन्स ब्यूरोत. तेथे पंतप्रधान नेहरूंच्या संरक्षणाची जबाबदारी त्यांच्याकडे होती. एवढ्यावर हा माणूस एखादा मोठा पोलीस अधिकारी म्हणून निवृत्त झाला असता. तसे झाले नाही, ते एका विमानामुळे.

११ एप्रिल १९५५ रोजी एअर इंडियाचे ‘काश्मीर प्रिन्सेस’ हाँगकाँगहून जाकार्ताकडे निघाले. बांडुंग परिषदेला जाणारे चिनी प्रतिनिधी आणि काही पत्रकार त्यात होते. चीनचे पंतप्रधान चौ एन लाय यांनीही याच विमानाने जायचे ठरले होते. ऐनवेळी ते गेले नाहीत. समुद्रावर असताना स्फोट झाला. एकोणीसपैकी सोळा माणसे मेली. कॅप्टन जटार यांनी जळते विमान पाण्यावर उतरवण्याची शिकस्त केली आणि त्यातच ते गेले. वाचलेल्या तिघांपैकी अनंत कर्णिक या अभियंत्याने पुढे या अपघातावर पुस्तक लिहिले. दोन्ही नावे मराठी कानाला ओळखीची आहेत. मराठी वाचकाच्या स्मरणात मात्र ती फारशी उरलेली नाहीत.

चौकशीसाठी भारताने काव यांना पाठवले. तेव्हा ते सदतिशीचेही नव्हते. प्रकरण तीन सत्तांच्या मधले. हाँगकाँग इंग्रजांचे, मेलेले लोक मुख्यतः चीनचे, विमान आपले. इंग्रज पोलिसांना चिनी लोकांवर विश्वास नव्हता, चिन्यांना इंग्रजांवर मुळीच नव्हता. काव दोघांशी बोलत राहिले. विमानाच्या चाकाच्या खणात कालबाँब ठेवला होता आणि संशयित म्हणजे हाँगकाँगच्या विमानतळावर विमाने साफ करणारा एक कामगार, असे निष्पन्न झाले. तो तोपर्यंत तैवानला निसटला होता. खटला उभा राहिलाच नाही. चौ एन लाय मात्र खूश झाले आणि त्यांनी काव यांना आपली मुद्रा आठवण म्हणून दिली. या कामात काव यांची पुढची सारी पद्धत दिसते : आवाज चढवायचा नाही, श्रेय मागायचे नाही, आणि एकमेकांवर विश्वास नसलेल्या दोघांनाही आपण विश्वासाचे वाटायचे.

त्यानंतर घानाचे क्वामे एन्क्रुमा यांनी नेहरूंकडे मदत मागितली, तेव्हा तेथील गुप्तवार्ता खाते उभारायला काव गेले. १९६२ च्या पराभवानंतर आकाशातून टेहळणी करणारे एव्हिएशन रिसर्च सेंटर निघाले, त्याचेही प्रमुख तेच. आणि २१ सप्टेंबर १९६८ रोजी इंदिरा गांधींनी परदेशी हेरगिरीचे काम इंटेलिजन्स ब्यूरोतून तोडून ‘रॉ’ ही वेगळी संघटना केली, तिचे पहिले प्रमुख काव झाले. संघटना कॅबिनेट सचिवालयात ठेवली गेली. अर्थ उघड होता : तिचा मालक एकच, पंतप्रधान.

त्या काळच्या पंतप्रधानांच्या भोवती कोण होते ते पाहावे. प्रमुख सचिव परमेश्वर नारायण हक्सर, परराष्ट्र सचिव त्रिलोकीनाथ कौल, राजदूत आणि नियोजनमंत्री राहिलेले दुर्गाप्रसाद धर, सल्लागार पृथ्वीनाथ धर, आणि काव. सारे काश्मिरी पंडित. या माणसांच्या कर्तबगारीविषयी मला शंका नाही. हक्सरांसारखी बुद्धी सचिवालयात क्वचितच येते. प्रश्न वेगळा आहे. साठ कोटींच्या देशात सत्तेला विश्वास ठेवण्याजोगी माणसे शोधायची वेळ आली, तेव्हा तिची नजर उंबरठ्याबाहेर का गेली नाही? गुप्ततेच्या कारभारात परीक्षा नसते, जाहिरात नसते, राखीव जागा तर नसतेच. तेथे ‘आपला माणूस’ हीच पात्रता. आणि आपला माणूस कोण, हे आपल्याकडे जन्माने ठरत आले आहे. गावाची वेस रात्रभर राखणारा, पाऊल ओळखून चोर कुठे गेला ते सांगणारा वेसकर गावाच्या संरक्षणातले सगळे जाणत होता. पण पाटलाच्या मसलतीला त्याला बसायला जागा नव्हती.

१९७१ हे काव यांच्या कीर्तीचे वर्ष. मुक्तिवाहिनीला शिक्षण, शस्त्रे, बातम्या या सगळ्यांत रॉचा हात होता. पण मला येथे थांबून आणखी एका फौजेविषयी सांगायचे आहे. १९६२ मध्ये तिबेटी निर्वासितांची स्पेशल फ्रंटियर फोर्स उभारली गेली होती. तिबेटच्या मुक्तीसाठी म्हणून हे तरुण भरती झाले. १९७१ मध्ये मेजर जनरल सुजानसिंग उबान यांच्या हाताखाली त्यातले सुमारे तीन हजार मिझो टेकड्यांतल्या देमागिरीहून चितगावच्या डोंगराळ मुलखात घुसवले गेले. देश त्यांचा नव्हता, युद्ध त्यांचे नव्हते, शत्रूही त्यांचा नव्हता. धोंडुप ग्याटोत्सांग हा त्यांचा सेनानी पडला, त्याच्याबरोबर सुमारे पन्नास जण पडले. फौज अधिकृतपणे अस्तित्वातच नसल्यामुळे त्यांना शौर्यपदके मिळाली नाहीत, पैसे मिळाले. ढाक्याच्या शरणागतीचे छायाचित्र घराघरांत गेले. त्या छायाचित्रात सल्लागार नाही, कारण त्याला यायचे नव्हते. आणि हे तिबेटीही नाहीत, कारण त्यांना कोणी विचारले नाही. २०२० च्या ऑगस्टअखेर पँगाँग सरोवराजवळ सुरुंगाच्या स्फोटात याच दलाचा न्यीमा तेन्झिन गेला, तेव्हा कोठे लेहमध्ये उघड मिरवणुकीने अशा एका माणसाला निरोप दिला गेला. मध्ये जवळजवळ पन्नास वर्षे गेली.

शेख मुजीबुर रहमान यांच्याविरुद्ध सैन्यात कट शिजतो आहे, हे काव यांनी डिसेंबर १९७४ मध्ये स्वतः ढाक्याला जाऊन त्यांना सांगितले. ही माझीच मुले आहेत, ती मला काही करणार नाहीत, असे मुजीब म्हणाल्याचे काव यांनी पुढे नमूद केले आहे. १५ ऑगस्ट १९७५ रोजी मुजीब कुटुंबासह मारले गेले. सल्लागाराच्या धंद्याची मर्यादा येथे दिसते : बातमी देता येते, ती ऐकायला लावता येत नाही. त्याच वर्षी मे महिन्यात सिक्कीम भारताचे बाविसावे राज्य झाले; त्यामागेही काव यांच्या माणसांनी दोन वर्षे काम केले होते.

मग आणीबाणी. रॉ विरोधकांवर वापरली गेली, असा विरोधी पक्षांचा ठाम समज होता. १९७७ मध्ये जनता पक्षाचे सरकार आले, मोरारजी देसाईंनी संघटनेची कात्री लावून छाटणी केली आणि काव गेले. तो समज खरा की खोटा हे नागरिकाने ठरवायचे कशावरून? कागद गुप्त, खर्च गुप्त, आज्ञा तोंडी. काव निर्दोष असतील, तर ते सिद्ध करायलाही त्यांच्याकडे उघड कागद नव्हता. विश्वासाचे तरी काय? ज्या हक्सरांनी ही घडी बसवायला मदत केली, त्यांच्याच नातलगांच्या दिल्लीतल्या दुकानावर आणीबाणीत छापा पडला. व्यक्तीच्या मर्जीवर उभे राहिलेले पद मर्जी फिरली की कोसळते. राजकारणातली भक्ती हुकूमशाहीकडे नेते, हे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीत बजावले होते. ते भाषण या आतल्या खोलीलाही लागू होते.

इंदिरा गांधी परतल्या तसे १९८१ मध्ये काव वरिष्ठ सल्लागार म्हणून परतले. व्यवहारात ते पंतप्रधानांचे सुरक्षा सल्लागारच होते. तसे अधिकृत पद १९९८ मध्ये निर्माण झाले. पंजाब पेटलेला होता. १९८४ च्या जूनमध्ये सुवर्णमंदिरात सैन्य गेले, आणि ३१ ऑक्टोबरला पंतप्रधानांना त्यांच्याच पहाऱ्यावरच्या दोघांनी मारले. शीख रक्षकांना जवळच्या पहाऱ्यावरून हटवले होते, नंतर परत आणले होते. नेहरूंच्या संरक्षणापासून कामाला लागलेल्या माणसाच्या कारकिर्दीचा शेवट असा झाला. पुढे ते घोड्यांची शिल्पे घडवत शांतपणे जगले आणि २० जानेवारी २००२ रोजी वारले. अखेरच्या काळात त्यांनी आठवणी ध्वनिफितींवर सांगितल्या. ते कागदही ठराविक मुदतीपर्यंत बंद ठेवण्याच्या अटीवर तीन मूर्ती भवनातल्या संग्रहालयाकडे दिले.

राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात, केंद्रसूचीच्या आठव्या क्रमांकावर, केंद्रीय गुप्तवार्ता आणि अन्वेषण विभाग हा विषय लिहिलेला आहे. म्हणजे संसदेला कायदा करण्याचा अधिकार पहिल्या दिवसापासून आहे. रॉची कर्तव्ये आणि मर्यादा सांगणारा कायदा तिने केला नाही. १९८० च्या सुमारास तेथल्या कनिष्ठ कर्मचाऱ्यांनी संघटना करून आंदोलन केले, तेव्हा मात्र कायदा झाला : १९८५ चा. त्याने गुप्तवार्ता संघटनांतल्या नोकरांचे संघटना करण्याचे आणि वृत्तपत्रांशी बोलण्याचे हक्क आवळले. वरच्या खोलीला कायदा नाही, खालच्या कारकुनाला आहे. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यातूनही या संघटना वगळल्या गेल्या. भ्रष्टाचार आणि मानवी हक्कभंगाचे आरोप तेवढे अपवाद. २०११ मध्ये मनीष तिवारी यांनी या संस्थांना संसदेपुढे उत्तरदायी करणारे खासगी विधेयक लोकसभेत मांडले. ते मंजूर झाले नाही.